पडक्या एअरफिल्डवरचं ब्लास्ट पेन कसं वाचायचं

सॅटेलाइट मॅपवर जुनी लष्करी एअरफिल्ड बघायची सवय लागली की हळूहळू रनवेकडे बघणं कमीच होतं. रनवे शेवटी रनवेच, लांबी मोजली की संपलं, पण त्याच्या कडेकडेने जो रस्ता गोल फिरतो ना, त्याला चिकटून कुठेकुठे इंग्रजी ई किंवा यू अक्षरासारखे मातीचे उंचवटे दिसतात, तिथे थांबलात तर त्या फिल्डचा अर्धा इतिहास तिथेच हाती लागतो. हीच ब्लास्ट पेनं. विमान उभं करायची, तीन बाजूंनी बांध घातलेली आणि एका बाजूने उघडी जागा.

मी बरीच वर्षं हा उद्योग करतोय आणि नवीन माणसं नेहमी एकच चूक करतात, आकार बघितला की लगेच नाव देऊन मोकळे, "हे स्पिटफायरचं पेन", म्हणजे त्या प्रसिद्ध ब्रिटिश फायटरचं. असं नका करू. आधी टेप, मग अंदाज. पेन हे विमानाच्या अंगाच्या मापाने शिवलेलं असतं, आणि हाताशी जे सामान होतं त्यातच शिवलेलं असतं, त्यामुळे माप आणि सामान या दोन गोष्टी नीट बघितल्या तर ते कशासाठी बांधलं, साधारण कधी, आणि किती घाईत, हे सगळं ते पेनच सांगतं. मी ज्या क्रमाने बघतो तोच क्रम खाली देतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: पेन काय अडवतं आणि काय नाही

साध्या पेनला छप्पर नसतं. म्हणजे बॉम्ब थेट विमानावर पडला तर विमान गेलं, त्यात पेन काहीच करू शकत नाही. मग एवढी माती कशाला ओतली? कारण बहुतेक बॉम्ब विमानावर पडतच नाहीत, बाजूला पडतात, आणि बाजूला पडलेल्या बॉम्बच्या कपच्या जमिनीला धरून लांबवर उडतात, त्यातली एक पेट्रोलच्या टाकीत घुसली की काम संपलं. या कपच्या, स्फोटाचा धक्का, खाली उतरून मशीनगन चालवत जाणाऱ्या विमानाच्या गोळ्या आणि शेजारच्या पेटलेल्या विमानाची आग, या चार गोष्टी पेन अडवतं. हिशोब असा, की शत्रूने एक विमान उडवायला एक बॉम्ब नेमका त्याच्यावरच टाकावा, एका बॉम्बमध्ये दहा विमानं जाता कामा नयेत.

आणि दहा जातात, खरंच जातात. ७ डिसेंबर १९४१ ला हवाईतल्या व्हीलर फील्डवर फायटर विमानांसाठी मातीचे यू आकाराचे बांध तयार होते, पण घातपाताची भीती म्हणून पहारा द्यायला सोपं पडावं यासाठी विमानं बाहेर काढून रांगेत पंखाला पंख लावून ठेवली होती, आणि जपानी वैमानिकांना ती तशीच सापडली. त्याच वर्षी २२ जूनला जर्मन हल्ल्यात सोव्हिएत सीमेवरच्या फिल्ड्सवर हेच झालं होतं. आपल्याकडे ६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटवर पाकिस्तानी सेबर जेट विमानं आली तेव्हा उघड्यावर असलेली आपली विमानं, त्यात नवीन आलेली मिग-२१ सुद्धा, जमिनीवरच जळाली. पुढे ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने पुन्हा एकदम बऱ्याच फिल्ड्सवर हल्ला केला तर विमानांचं नुकसान अगदी किरकोळ झालं, मधल्या सहा वर्षांत विमानं पेनमध्ये, छप्पर असलेल्या शेल्टरमध्ये आणि लांबलांब ठेवायची शिस्त लागली होती. आणि शत्रू लागतोच असंही नाही, १६ मे १९६५ ला व्हिएतनाममधल्या बिएन होआवर एक अमेरिकन बी-५७ बॉम्बर जमिनीवर असतानाच अपघाताने फुटलं, शेजारची बॉम्ब भरलेली विमानं एकामागोमाग एक फुटत गेली, आणि त्यानंतर तिथे रिव्हेटमेंट म्हणजे भिंती उभ्या करायच्या कामाला जोर आला.

अजून एक नियम लक्षात ठेवा, मॅप वाचताना फार कामाला येतो. बॉम्ब आठपट मोठा केला तरी तेवढाच धक्का फक्त दुप्पट अंतरापर्यंत पोचतो. म्हणजे अंतर हे भिंतीपेक्षा स्वस्त पडतं. जिथे जागा मुबलक तिथे विमानं नुसती लांबलांब पांगवून ठेवतात, माती ओतत नाहीत. पेनं दिसली म्हणजे समजा एक तर जागा कमी होती, किंवा विमानं रनवेजवळच लागणार होती, किंवा हल्ला येणार याची खात्रीच होती. लढाऊ फायटरच्या तळांवर तिन्ही गोष्टी एकदम असतात.

मॅपवर शोधायचं कसं

रनवे सोडा, पेरिमीटर ट्रॅक पकडा. रनवेच्या टोकांना जोडत अख्ख्या फिल्डभोवती फिरणारा रस्ता तो हाच, ब्रिटिश फिल्डवर साधारण १५ मीटर रुंद. त्याच्यावरून कर्सर सावकाश फिरवत जा आणि बाहेरच्या बाजूला निघणारा प्रत्येक फाटा बघा. फाट्याच्या टोकाला नुसतं गोल काँक्रीट असेल तर ते बॉम्बरचं उभं राहायचं ठिकाण, त्याला फ्राइंग पॅन म्हणतात कारण वरून हँडलवाल्या तव्यासारखंच दिसतं. रस्ता वळसा घेऊन परत ट्रॅकला मिळत असेल तर तो लूप, १९४२ नंतर हीच पद्धत जास्त. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरचा पंख ३१ मीटर, एवढ्या मोठ्या विमानाला तीन बाजूंनी माती घालत बसले तर एका फिल्डवर डोंगर उभे राहतील, म्हणून इंग्लंडमधल्या बॉम्बर फिल्ड्सवर तुम्हाला पॅन आणि लूपच जास्त मिळतील, पेनं शोधत बसू नका.

पेन शिकायला सगळ्यात चांगली जागा लंडनच्या दक्षिणेची केन्ली. बॅटल ऑफ ब्रिटनमधली, म्हणजे १९४० च्या ब्रिटन-जर्मनी हवाई लढाईतली फायटर एअरफिल्ड, नंतर फारशी बदलली नाही, आता तिथे ग्लायडर उडतात. १९३९-४० मध्ये तिथे ई आकाराची बारा पेनं बांधली होती आणि त्यातली जवळजवळ सगळी अजून आहेत. पहिला आठवडा फक्त केन्ली बघा, ट्रॅकवरून फिरत फिरत, झूम कमीजास्त करत, म्हणजे डोळ्याला आकाराची ओळख होईल. मग कॉर्नवॉलमधल्या कड्यावरचं पेरनपोर्थ बघा, तिथेही चांगली पेनं टिकून आहेत.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. बॉम्बचं कोठार, म्हणजे बॉम्ब डंप, त्यालाही मातीचे बांध असतात आणि वरून ते पेनसारखेच दिसतात, पण ते फिल्डपासून बाजूला, ओळीने आणि आत जायचा रस्ता ट्रकपुरताच अरुंद. फायरिंग बट म्हणजे विमानाच्या बंदुका जुळवायची जागा, तिथे एकच उंच भिंत असते आणि समोर रेती. शेतातले चाऱ्याचे खड्डे तर हुबेहूब यू. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा: इथपर्यंत विमान चालत येऊ शकतं का? रस्त्याची रुंदी, वळणाचा कोन, दोन्ही बाजूंना पंखापुरती मोकळी जागा. उत्तर नाही आलं तर ते पेन नाही.

आजच्या फोटोत झाडं वाढलेली असतात. इंग्लंडसाठी सरकारी लायडार डेटा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची, फुकट बघायला मिळतो, त्यात झाडं काढून नुसती जमीन दिसते, आणि झुडपात गडप झालेला बांध एकदम ताटात वाढल्यासारखा समोर येतो. जपानसाठी तिथल्या सरकारी नकाशाच्या साइटवर युद्धानंतर अमेरिकन सैन्याने काढलेले हवाई फोटो आहेत, ते बघा. गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचा स्लायडर असतो, युरोपातल्या काही भागांसाठी तो १९४५ पर्यंत मागे जातो.

एक मात्र कळकळीने सांगतो, चालू असलेल्या लष्करी तळांवर हे करू नका. कुठल्याही देशाच्या. तिथली शेल्टर्स मोजणं, खुणा करणं, फोटो टाकणं, यातलं काहीच करायचं नाही. बंद पडलेल्या फिल्ड्स एवढ्या आहेत की आयुष्य पुरणार नाही.

तोंड मोजा, आतून

आता टेप. मॅपच्या मोजपट्टीने पेनच्या तोंडाची रुंदी काढा, आणि ती भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. हे मी जोर देऊन सांगतोय कारण इथे मी स्वतः आपटलोय. एका फिल्डवर मी तोंड मोजलं, २४ मीटर आलं, लगेच ठरवून टाकलं की हे दोन इंजिनवाल्या विमानाचं, त्यावर दोन रात्री बसून त्या तळावर कुठलं दोन इंजिनवालं स्क्वाड्रन होतं ते शोधत राहिलो आणि काही सापडेना. मग सकाळच्या उन्हातला फोटो मिळाला तेव्हा कळलं की मी बांधाच्या बाहेरच्या पायथ्यापासून पायथ्यापर्यंत मोजत होतो. बांध पायाशी पाच-साडेपाच मीटर रुंद, दोन्हीकडचे धरून अकरा-एक मीटर तिथेच गेले, आणि आतलं माप आलं १३. साधं एक इंजिनवालं फायटर.

तर आतलं माप आलं की विमानांच्या पंखांशी लावून बघा. मेसरश्मिट १०९ जेमतेम १० मीटर, स्पिटफायर ११.२, जपानी हिएन १२, हरिकेन १२.२. हे सगळे एका गटात. मग उडी मारून मेसरश्मिट ११० सव्वासोळा, ब्लेनहाइम १७.२, ब्यूफायटर १७.६. वेलिंग्टन तर सव्वासव्वीस. विमान आत ढकलताना दोन्ही बाजूंना माणसं चालणार, पेट्रोलची गाडी किंवा दारूगोळ्याच्या पेट्या आणणार, त्यामुळे पंखापेक्षा थोडं जास्त माप येणारच. पण या दोन गटांमध्ये चार-पाच मीटरचं अंतर आहे, तेवढ्यावर एक इंजिन की दोन इंजिन हे नक्की सांगता येतं. त्यापुढे जाऊन स्पिटफायर की हरिकेन हे पेनवरून सांगता येत नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ते स्क्वाड्रनच्या नोंदींवरूनच कळतं.

उंची सावलीवरून

त्याच फोटोत ज्याची उंची माहीत आहे असं काहीतरी शोधा, विजेचा खांब, घर, काहीही. समजा खांब १० मीटरचा आहे आणि त्याची सावली ७ मीटर पडलीय, आणि पेनच्या भिंतीची सावली २.१ मीटर, तर भिंत ३ मीटर. एवढं सोपं. फक्त सावली भिंतीची घ्या, बाहेरच्या उताराची नाही. बाहेरचा मातीचा उतार समजा एकाला दीड असा असेल, म्हणजे एक मीटर चढायला दीड मीटर आडवं, तर त्याचा कोन ३४ अंशांच्या जवळ येतो आणि सूर्य त्यापेक्षा वर असेल तर त्या उताराची सावलीच पडत नाही, दुपारच्या फोटोत अख्खा बांध सपाट मैदान वाटतो. म्हणून फोटो नेहमी हिवाळ्यातला किंवा सकाळ-संध्याकाळचा घ्यायचा. हे एकदा कळलं की आधी रिकाम्या वाटलेल्या फिल्ड्स पुन्हा बघाव्या लागतात, मला लागल्या.

उंची कशाला हवी? कारण स्पिटफायर जमिनीवर साधारण साडेतीन मीटर उंच भरतं, आणि भिंत त्याच्या इंजिन, कॉकपिट, टाकी यांच्या वर आली म्हणजे झालं. आजची उंची ही मूळ उंची नसते हेही ध्यानात ठेवा, ऐंशी वर्षांत माती बसते, धुपते.

ई आकाराचं पेन जवळून

ई म्हणजे काय तर मागे एक लांब पाठ आणि पुढे तीन हात. दोन हातांमध्ये एक विमान, अशी दोन विमानं शेजारी, मध्ये मधला हात. मधल्या हातामुळे एक पेटलं तरी दुसरं वाचतं. सगळ्यात हुशारी मात्र पाठीत आहे. पाठीच्या मातीच्या पोटात माणसांसाठी शेल्टर असतं, तयार काँक्रीटच्या कमानी एकाला एक लावून केलेला बोगदा, त्यात मेकॅनिक, आर्मरर म्हणजे बंदुका-दारूगोळा बघणारे, वैमानिक असे पंचवीसेक जण मावतात. म्हणजे सायरन झाला तर धावत कुठे लांब जायचं नाही, विमानाच्या शेपटीमागे दार आहे, आत घुसायचं, बाहेर आलं की लगेच विमानापाशी. विमान वाचवायचं तर ते पुन्हा उडवणारी माणसं वाचली पाहिजेत हे ज्याने कागदावर आखलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रत्यक्ष गेलात तर काय बघायचं? आतल्या बाजूला भिंतीचा खालचा भाग विटांचा किंवा काँक्रीटचा असतो, कारण आतून मातीचा उतार ठेवला तर तेवढी रुंदी वाया जाते, आणि बाहेरून मोकळा उतार. मग पाठीतलं दार शोधा, बहुतेक ठिकाणी ते बुजवलेलं असतं, पण विटांचा रंग वेगळा पडतो, मधल्या भागात बाजूच्या विटांपेक्षा नवीन विटा दिसल्या की समजायचं.

हे पेन कामाला आलं का, तर १८ ऑगस्ट १९४० चं उदाहरण घ्या. त्या दिवशी केन्लीवर जर्मन डॉर्निअर बॉम्बर झाडांच्या उंचीवरून आले, हँगर उद्ध्वस्त झाले. त्यातल्याच एका जर्मन विमानातून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे, खाली पेनमध्ये ६४ स्क्वाड्रनचं स्पिटफायर उभं दिसतं. तो फोटो समोर ठेवून मग सॅटेलाइटवर तेच पेन शोधायचा प्रयत्न करा, यापेक्षा चांगला सराव नाही. तिथल्याच एका पेनमध्ये आता केन्लीचं स्मारक आहे.

सामान बघा, कारण घाई तिथे दिसते

वीट आणि काँक्रीट म्हणजे वेळ होता, आराखडा होता, ठेकेदार होता. रेतीच्या गोण्या म्हणजे वेळ नव्हता. आणि पेट्रोलचे डबे म्हणजे काहीच नव्हतं.

भूमध्य समुद्रातल्या माल्टाचं पेन हे असं. बेटावर माती कमी, चुनखडीचा दगड भरपूर, आणि रिकामे पत्र्याचे पेट्रोलचे डबे, चार गॅलनचे, म्हणजे साधारण १८ लिटर. ते डबे दगडमातीने भरायचे आणि विटेसारखे एकावर एक रचायचे. सैनिक, हवाई दलाची माणसं आणि माल्टाचे लोक, सगळे मिळून, वरून बॉम्ब पडत असताना. किती काम होतं याचा अंदाज तुम्ही स्वतः काढा, मी प्रत्येक पेनसाठी काढतो: एक इंजिनवाल्या फायटरला तीन बाजूंची भिंत मिळून धरा ५० मीटर, उंची ३, जाडी २, म्हणजे ३०० घनमीटर. एका डब्यात १८ लिटर. भागाकार केला की साडेसोळा हजारांच्या वर डबे येतात. एका विमानासाठी. हाताने भरलेले. इंग्लंडसारखा मातीचा बांध घातला, वर एक मीटर माथा आणि बाहेर एकाला दीड उतार, तर त्याच ५० मीटरला ५०० घनमीटरच्या आसपास माती लागते, वजनात आठशे टनांच्या घरात. हा हिशोब केल्याशिवाय पेनकडे बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ते डबे फुकट नाही गेले. २० एप्रिल १९४२ ला वॉस्प या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून ४० च्या वर स्पिटफायर माल्टाला उडून आली आणि काही दिवसांतच बहुतेक संपली, कितीतरी तर जमिनीवरच. मग ९ मे ला दुसरी खेप आली, साठेक विमानं, तेव्हा सगळं आधी ठरवून ठेवलं होतं: उतरलेल्या प्रत्येक विमानाला नेमून दिलेलं पेन, तिथे पेट्रोल, गोळ्या आणि माणसं तयार, आणि माल्टाचा अनुभवी वैमानिक वाट बघत उभा. काही विमानं तर काही मिनिटांतच पुन्हा हवेत गेली. मला यातून पेनचा खरा उपयोग कळला. ते नुसतं लपायचं भोक नाहीये, ते विमान पुन्हा तयार करायची जागा आहे, म्हणून माल्टाच्या लुका आणि हाल फार या दोन एअरफिल्ड्सच्या मधल्या साफी पट्ट्यात जुनी पेनं शोधताना भिंतीइतकंच लक्ष तिथे पोचणाऱ्या वाटेकडे द्या.

व्हिएतनाममध्ये हेच काम स्टीलच्या पत्र्याने झालं, उभ्या पेट्या जोडून आत माती. वरून बघितलं तर या भिंती बारीक सरळ रेषांसारख्या दिसतात, बाहेरचा उतार नाही, त्यामुळे मातीच्या बांधाशी गफलत होत नाही.

छप्पर असेल तर

जपानी शेल्टर ओळखायला सगळ्यात सोपं आणि बघायला सगळ्यात वेगळं. त्याला तिकडे एंताइगो म्हणतात. युद्धाच्या शेवटी शेवटी लोखंड नाही, लाकूड नाही, मग कमान ओतायची कशावर? तर मातीचाच ढिगारा करायचा हव्या त्या आकाराचा, त्याच्यावर काँक्रीट ओतायचं, आणि ते धरलं की आतली माती उपसून काढायची. राहिलं ते शेल्टर. आकार पण विमानाचाच, पुढे पंखासाठी रुंद आणि उंच, मागे शेपटीकडे निमुळता आणि बुटका, विमान शेपटीकडून आत ढकललेलं आणि नाक बाहेर. काही ठिकाणी आत उभं राहून वर बघितलं तर काँक्रीटवर चटईचे ठसे दिसतात, मातीवर अंथरलेल्या चटया त्या. टोकियोजवळ चोफूला विमानतळाशेजारच्या पार्कात अशी दोन जपून ठेवलीत, हिएन विमानांची. क्यूशूवर उसा इथे, शिकोकूवर नानकोकूला भातशेतीच्या मधोमध उभी आहेत. सॅटेलाइटवर हिरव्या शेतात करडा शिंपला पडल्यासारखी दिसतात, एकदा दिसलं की चुकत नाही.

पुढची पिढी म्हणजे हार्डन्ड एअरक्राफ्ट शेल्टर, म्हणजे मार सोसेल असं पक्कं शेल्टर. छप्पर का आलं, तर व्हिएतनाममध्ये १५ जुलै १९६७ ला दा नांगवर रॉकेट पडली, रॉकेट वरून येतं, तिथे भिंत काय करणार, म्हणून मग स्टीलच्या कमानी आणि वर काँक्रीट. त्याच्या महिनाभर आधी, ५ जून १९६७ ला, इस्रायलने इजिप्तची उघड्यावर उभी विमानं एका सकाळीत संपवली होती, ते बघून तर सगळ्याच देशांनी शेल्टर बांधायला घेतली. नेटोच्या तळांवरच्या पहिल्या पिढीच्या अमेरिकन डिझाइनला टॅब-व्ही म्हणतात, नालीदार स्टीलची अर्धगोल कमान आणि तिच्यावर जाड काँक्रीट. ओळखायची खूण मागे बघायची, तिथे जेटचा धूर आणि झोत बाहेर काढायची जागा असते, कारण इंजिन आतच सुरू करायचं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेल्टरला सहसा ही गोष्ट नसते.

छपराला भोक दिसलं तर तेही वाचा. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या ५९४ शेल्टर्सपैकी सुमारे ३७५ वर मार बसला, लेझरने नेमके सोडलेले जाड कवचाचे बॉम्ब छप्पर फोडून आत जाऊन फुटायचे. अशा ठिकाणी वर छोटं भोक आणि दारं मात्र बाहेर फेकलेली, म्हणजे स्फोट आतून झाला. बाहेर पडलेल्या बॉम्बने दार आत दबतं. फोटोत हा फरक स्वच्छ दिसतो.

तोंड कुठे आहे

हे शेवटी बघायचं, कारण आधीचं सगळं कळल्यावरच याला अर्थ येतो. शेजारशेजारच्या दोन पेनांची तोंडं समोरासमोर असतील का? शहाणा माणूस तसं ठेवत नाही, एकातल्या कपच्या थेट दुसऱ्यात जातील. म्हणून तोंडं थोडी वाकडी, वेगवेगळ्या दिशांना. प्रत्येक तोंडापासून रनवेच्या टोकापर्यंतचं टॅक्सीचं, म्हणजे विमान जमिनीवर चालत जायचं, अंतर मोजा. स्पिटफायरचं इंजिन जमिनीवर पटकन तापतं, रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नाही, त्यामुळे लांबचं पेन म्हणजे उडायच्या आधीच काटा लाल. ज्या पेनापासून ट्रॅक सरळ रनवेच्या टोकाला जातो ते आणीबाणीत आधी रिकामं होणार, असं धरून चालायला हरकत नाही.

प्रत्यक्ष जायचं तर

जमीन कुणाची आहे ते आधी बघा आणि परवानगी घ्या, बरीच पेनं आता शेतात किंवा संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत, तिथे खोदणं, मेटल डिटेक्टर फिरवणं, विटा उचलणं गुन्हा ठरू शकतो. पाठीतल्या बोगद्यात शिरू नका, कमानी सुट्या तुकड्यांच्या असतात आणि आत पाणी, खराब हवा काहीही असू शकतं. गंजलेलं काही नळीसारखं, डब्यासारखं दिसलं तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. बॉम्ब पडलेल्या फिल्ड्स आहेत या, सगळेच फुटले नव्हते.

सोबत ३० मीटरची टेप, वही, पेन्सिल आणि एक मदतीला माणूस. फोटो काढायच्या आधी वहीत वरून दिसणारा आकार काढा, मापं त्याच्यावरच लिहा: तोंड आतून, तोंडापासून पाठीपर्यंतची खोली, भिंतीचा माथा, बाहेरचा उतार पावलांनी. मग भिंतीचं सामान, जोड, दुरुस्त्या. मग फोटो, प्रत्येकात टेप किंवा माणूस उभा असू द्या, नाहीतर घरी आल्यावर भिंत तीन मीटर की दोन हे कळत नाही. आणि सगळं झालं की आत, विमानाचं नाक जिथे असायचं तिथे, बाहेर तोंड करून उभे राहा आणि डावीकडे-उजवीकडे काय दिसतंय ते लिहून घ्या: ट्रॅक किती दिसतो, रनवेचं टोक दिसतं का, शेजारच्या पेनची पाठ दिसते की तोंड. हे वरच्या कुठल्याच फोटोत मिळत नाही, फक्त तिथे उभं राहूनच मिळतं.